एकही गाडी न येणारा रस्ता

चाळिशी ओलांडल्यावर माझ्या नवऱ्याला सायकलचं वेड लागलं, आणि सायकलपेक्षाही जास्त रिकाम्या रस्त्यांचं. त्याला वेग नको होता, शर्यती नको होत्या, चढ चढल्याचे फोटोही नको होते. मागून गाडीचा आवाज येऊ नये, एवढंच त्याचं मागणं. आम्ही आयर्लंडमधल्या एनिसला राहतो. मी शॅननच्या एका कंपनीत जाते, तो घरून कोड लिहितो. दिवसभर हेडफोन लावून मीटिंगा करणाऱ्या माणसाला शांतता हवीशी वाटली तर त्यात नवल नाही, असं मी म्हणायचे आणि शनिवारी त्याच्यामागे पॅडल मारायचे.

मागच्या वर्षी त्याने आम्हाला फ्रान्सला नेलं. कॉर्कहून रात्रभराची फेरी बोट, सकाळी फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत, आणि पुढे आठवडाभर एका जुन्या कालव्याच्या काठाने सायकली. पूर्वी घोडे ज्या वाटेवरून मालाच्या होड्या ओढत नेत, त्या वाटेवर आता मोटारगाड्यांना बंदी आहे. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये हिरवं पाणी, मैलामैलावर कालव्याचे दरवाजे सांभाळणाऱ्यांची जुनी बुटकी घरं. वाट सोडून खेड्यात शिरलं तरी तीच गत. एका गावात बेकरी कायमची बंद झालेली, तिथे भिंतीत पावाचं मशीन बसवलेलं. नाणं टाकलं की लांबलचक कोमट पाव बाहेर. आमच्या मुलीला ते यंत्र इतकं आवडलं की तिने तीन पाव काढले आणि ते आम्हाला सायकलच्या कॅरियरला बांधून न्यावे लागले. नवरा म्हणाला, "अगं, बघ ना, सकाळपासून फक्त एक ट्रॅक्टर." एखाद्याने वाघ दिसल्याचं सांगावं तसा तो हे सांगत होता.

परत आल्यावर त्याने फ्रान्सचे कागदी नकाशे मागवले. त्या नकाशांवर मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि अगदी किरकोळ रस्ते पांढरे असतात. रोज जेवणानंतर तो टेबलावर नकाशा पसरून पांढऱ्या रस्त्यांना पांढरे रस्ते जोडत बसायचा. या जूनमध्ये पुन्हा जायचं ठरलं, फेरीचं बुकिंग झालं, आणि तयारी म्हणून आम्ही आमच्या क्लेअर जिल्ह्यातले तसलेच रस्ते शोधायला लागलो. इथे त्यांना बोरीन म्हणतात. म्हणजे आपली पाणंद. एका गाडीपुरती रुंदी, दोन्हीकडे झुडपांच्या भिंती आणि डांबराच्या मधोमध उगवलेली गवताची पट्टी. पट्टी जितकी उंच, तितका रस्ता चांगला, असा नवऱ्याचा हिशेब.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या शनिवारी त्याने जो रस्ता काढला, त्यावर गवत माझ्या पॅडलला घासत होतं. ऊन पडलं होतं, जे इथे सांगण्यासारखं असतं. बांधावरची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरली होती. मुलगी कॅमोगीच्या सामन्याला गेली होती. मुली लाकडी काठ्या घेऊन तुंबळ खेळतात, तो खेळ. त्यामुळे आम्ही दोघंच. तो पुढे, मी वीसेक पावलं मागे. त्याने एकदा मान वळवून ओरडून सांगितलं, "एक पण गाडी नाही बघ!"

मग त्याची सायकल हळूच डावीकडे वळली. धडपड नाही, ब्रेक नाही. एखादं ढोर कडेचं गवत खायला वळावं तशी ती बांधाकडे गेली आणि तो झुडपात कलंडला. मला वाटलं, पंक्चर. मग वाटलं, मस्करी करतोय. जवळ जाऊन मी चक्क रागावले, "अरे ऊठ ना, काटे आहेत तिथे."

तो घोरत होता. घरी घोरतो तसंच, पण मध्ये मोठी फट सोडून. डोळे अर्धे उघडे. मी त्याला हलवलं, त्याच्या नावाने हाका मारल्या, गालावर चापट मारली. डोळ्यांसमोर माझा हात नेला. डोळे हलले नाहीत. मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. भीतीसुद्धा वाटली नाही. सगळं काचेपलीकडे गेल्यासारखं झालं आणि माझाच हात मला दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ११२ लावताना दिसला.

फोनवरच्या माणसाने पहिल्यांदा एअरकोड विचारला. इथे प्रत्येक घराला स्वतःचा कोड असतो, तो सांगितला की ॲम्ब्युलन्स थेट दारात येते. मी आमच्या घराचा सांगायला सुरुवात केली आणि निम्म्यात थांबले. रस्त्याला कोड नसतो. त्या रस्त्याला नावही नव्हतं. "मी कुठे आहे मला माहीत नाही," मी म्हणाले. अवतीभोवती घर दिसत नव्हतं. आम्ही मुद्दाम शोधून काढलेली शांतता तशीच होती. लांब कुठेतरी एक कुत्रं भुंकत होतं, तेवढंच.

"तुमचा फोन आम्हाला जागा दाखवतोय, साधारण," तो माणूस म्हणाला. "तो श्वास घेतोय का?"

"हो. घोरतोय."

"प्रत्येक श्वासाला 'आता' म्हणा."

मी 'आता' म्हणाले. मग थांबले. थांबूनच राहिले.

"तो श्वास नाही," तो माणूस शांतपणे म्हणाला. "त्याला उताणं करा, छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा आणि दाबा. जोरात. मी मोजतो."

ऑफिसात एकदा आम्हाला हे शिकवलं होतं. कार्पेटवर प्लॅस्टिकचा बाहुला ठेवून, दुपारच्या सँडविचच्या आधी. तेव्हा आम्ही हसलो होतो. बाहुल्याची छाती दाबली की 'क्लिक' वाजायचं, म्हणजे बरोबर. इथे मी फोन स्पीकरवर टाकला, त्याला काट्यांतून पायांना धरून रस्त्यावर ओढलं, गवताच्या पट्टीवर त्याचं डोकं आलं, आणि दाबायला लागले. थोड्या वेळाने माझ्या तळव्याखाली काहीतरी कडकन मोडलं. मी किंचाळून हात काढले.

"काय झालं?"

"मोडलं. त्याच्या आत काहीतरी मोडलं."

"बरगडी असेल. चालतं. थांबू नका."

चालतं! मी नवऱ्याची बरगडी मोडली होती आणि एक परका माणूस मला फोनवर चालतं म्हणत होता. मी पुन्हा दाबायला लागले. त्याचा चेहरा जांभळट होत चालला होता. ओठ तर दौतीत बुडवल्यासारखे.

कुत्र्याचं भुंकणं जवळ आलं. पुढच्या फाटकावरून एक बाई चढून आली. साठीच्या आसपासची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगावर वासरांना पाजायच्या दुधाचे डाग. माझी किंचाळी तिने वरच्या शेतात ऐकली होती. ती त्याच्या दुसऱ्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "तू थकलीस की मला सांग, मी घेते." गावच्या हॉलमध्ये तिने हा कोर्स केला होता, हे मला नंतर कळलं. तिने माझा फोन ओढून त्या माणसाला स्वतःच्या शेताचा एअरकोड सांगितला. मग स्वतःचा फोन कानाला लावून कुणाला तरी ओरडून सांगितलं की फुटबॉलच्या मैदानावरच्या पेटीतलं हृदयाला झटका देणारं मशीन घेऊन ताबडतोब बोरीनवर ये.

आम्ही आळीपाळीने दाबत होतो. माझा जोर कमी पडायला लागला तेव्हा तिने घेतलं. मध्येच तिचा फोन वाजला. तिने ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "युअर मॅन इज कमिंग."

आयर्लंडमध्ये 'युअर मॅन' म्हणजे तो कुणीतरी माणूस, अमका. मला इथे येऊन अकरा वर्षं झाली होती. दुकानात, ऑफिसात, रेडिओवर हजार वेळा ऐकलेलं. पण त्या क्षणी माझ्या कानांनी ते सरळ ऐकलं. तुझा माणूस येतोय. मी वाकून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो येतोय. तो परत येतोय. मी त्याचा हात धरून म्हणाले, "ये रे, ये, लवकर ये."

तो तसाच होता. डोळे अर्धे उघडे, त्यांत आकाश.

वळणावरून एक जीप आली. झुडपं मोडत, आरसा घासत. तिच्यातून एक लठ्ठ माणूस पिवळी पेटी घेऊन धावला. तेव्हा मला कळलं, बाई कुणाबद्दल बोलली होती. तो धक्का मला अजून शब्दांत मांडता येत नाही. आधी आशा देऊन मग ती काढून घ्यावी, आणि तेही कुणी मुद्दाम न करता.

त्यांनी कात्रीने त्याचा सायकलचा शर्ट कापला, छातीवर दोन चिकटपट्ट्या लावल्या. पेटी बोलायला लागली. बाईचा आवाज, अगदी थंड, विमानतळावर गेट बदलल्याचं सांगतात तसा. रुग्णाला हात लावू नका. शेतकरीण बाईने मला खांद्यांना धरून मागे ओढलं. त्याचं शरीर उडालं. पुन्हा दाबा, पेटी म्हणाली. पुन्हा उडालं. दुसऱ्या खेपेनंतर त्याने एकदम आत ओढला तो श्वास होता. आता मला फरक कळत होता. त्यानंतर दुसरा. मग तिसरा.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा रस्त्यावर जीप, दोन ट्रॅक्टर आणि पोस्टाची व्हॅन उभी होती. सगळे फाटकांत, शेतांत घुसवून तिला वाट करून देत होते. मी ॲम्ब्युलन्समध्ये चढले तेव्हा माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. लिमरिकच्या हॉस्पिटलमध्ये एका नर्सने ते काढलं.

मुलीला तिच्या मैत्रिणीच्या आईने सामन्यावरून आणलं. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते इथलं इंग्रजी. कॉरिडॉरमध्ये गुडघ्याला चिखल, हातात काठी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इज बाबा ग्रँड?" ग्रँड म्हणजे इथे ठीक, बरा. मी म्हणाले, "हो गं, ग्रँड." तो तेव्हा नळ्यांनी वेढलेला, औषधाने झोपवलेला होता आणि उठल्यावर मेंदू कसा असेल ते कुणीच सांगत नव्हतं.

डॉक्टरांनी घरातल्यांच्या हृदयविकाराबद्दल विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी नागपूरला सासूबाईंना फोन केला, त्यांना काय आणि किती सांगावं ते कळत नव्हतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "तुझे सासरेही असेच सायकलवरून पडले होते. ऑफिसातून येताना. मे महिना होता. सगळे म्हणाले, ऊन लागलं." सासरे उन्हाने गेले, एवढंच मला ठाऊक होतं. सायकल होती, हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं; तो तेव्हा चार वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, हृदयाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत, बिघाड त्याच्या वायरिंगचा आहे, तो घराण्यातून येतो, आणि तुमच्या मुलीलाही तपासायला हवं. मुलीचे सगळे रिपोर्ट चांगले आले. पण ते येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले त्यावर मी लिहिणार नाही.

तो जागा झाला. मला ओळखलं. पहिलं वाक्य बोलला, "आपली फेरी चुकली का?"

मी हसले, रडले. त्याने विचारलं, "काय झालं?" मी सगळं सांगायला लागले. त्याचे डोळे विस्फारले, त्याने माझा हात घट्ट धरला. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं, "मी इथे कसा? काय झालं?" पुन्हा सांगितलं. पुन्हा तसेच डोळे, तीच पकड. त्याच्या डोक्यात काही टिकत नव्हतं. दिवसभर तो विचारत होता आणि दर वेळी त्याला तोच धक्का नव्याने बसत होता. शेवटी मी ते कापत कापत लहान केलं. तू सायकलवर बेशुद्ध पडलास, घोरायला लागलास, एका बाईने मदत केली, आता तू बरा आहेस. एवढं सांगितलं की तो घाबरायचा नाही. हळूहळू त्याची आठवण टिकायला लागली, आणि टिकली ती हीच गोष्ट. त्या शनिवारचंच काय, आधीच्या दोन-तीन आठवड्यांचंही त्याला काही आठवत नाही.

जूनमध्ये तो घरी होता. छातीत कातडीखाली काड्यापेटीएवढं यंत्र, हृदय भरकटलं तर आतूनच झटका देणारं. फेरीचं बुकिंग आम्ही पुढच्या वर्षावर ढकललं. तो मजेत होता. बरगड्या दुखतात म्हणून कुरकुरायचा. डॉक्टरांनी काही महिन्यांनी सायकल चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्याने पुन्हा नकाशा पसरला. मी मात्र रात्री तो घोरायला लागला की उठून बसायचे. गाढ झोपला की जास्तच घाबरायचे. दिवसा ऑफिसात ठीक. एकदा सुपरमार्केटमध्ये आपलं बिल आपणच करायच्या यंत्राने बाईच्या थंड आवाजात वस्तू ठेवा म्हटलं आणि मी टोपली तिथेच टाकून बाहेर आले.

ऑगस्टमध्ये मी बेसनाचे लाडू केले आणि त्या बाईला भेटायला निघाले. "चल ना," मी त्याला म्हणाले.

"तू जाऊन ये. मला तिथे काय बोलायचं ते सुचणार नाही," तो म्हणाला.

बाईने मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा केला. लाडू खाल्ला, कशाचा म्हणून विचारलं. त्याची तब्येत विचारली. कुत्रं टेबलाखाली होतं. एकाएकी ती म्हणाली, "तुम्ही ॲम्ब्युलन्समधून गेलात ना, मग मी बांधाशी जाऊन उलटी केली. हे मी कुणाला सांगितलं नाही. गावात सगळे माझी पाठ थोपटतात. पबमध्ये कुणी मला पैसे देऊ देत नाही. पण तो आवाज माझ्या कानातून जात नाही."

"घोरण्याचा?"

"तो घोरण्याचा नव्हता."

"नव्हता," मी म्हणाले.

तेवढंच. पण मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, मी बोलतेय ते कुणालातरी ऐकू येतंय. निघताना तिने मला अर्धा डझन अंडी दिली. मी गाडीत बसून बराच वेळ रडले.

मग गणपती आले. लिमरिकला एका मराठी घरी दीड दिवसाचा गणपती असतो. तिथे आम्ही जेवायला गेलो. मुलगी शाळेच्या सहलीवर होती. जेवणं झाल्यावर सगळे नवऱ्याभोवती जमले. तो सांगायला लागला. आता त्याला सराव झाला होता. सायकल, बोरीन, शेतकरीण. मग थोडं थांबून म्हणाला, "आणि ही काय म्हणते माहितीये? मी घोरत होतो! मरतानासुद्धा घोरतच होतो!" सगळे खोखो हसले. एकजण म्हणाला, "वहिनी, तुमची यातूनही सुटका नाही!" मीसुद्धा हसले बहुतेक. तोंड हसण्याच्या आकारात होतं, एवढं आठवतं.

परतताना गाडी मी चालवत होते. एनिसच्या अलीकडे पेट्रोल पंपावर मी आत शिरले, कडेला उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"काय गं? पेट्रोल तर आहे."

"तू घोरत नव्हतास," मी म्हणाले.

"अगं, मस्करी करत होतो मी."

"ते मला माहितीये. पण तू घोरत नव्हतास. तू गेला होतास. तो आवाज शरीर नुसतं करतं, त्यात माणूस नसतो. मला ते कळलं नाही म्हणून मी तुला ऊठ म्हणून ओरडले."

मग मी त्याला सगळं सांगितलं. काहीही न कापता. चापट मारली ती, बरगडी कशी मोडली, ओठांचा रंग, युअर मॅन, अर्ध्या डोळ्यांतलं आकाश. त्याने मध्ये एकदाही विचारलं नाही. समोर लोक पेट्रोल भरत होते, एक मुलगा आइस्क्रीम खात बाहेर आला. माझं संपल्यावर मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या महिन्यांनी ती गोष्ट त्याच्याबाबतीत घडली होती.

"माझे डोळे उघडे होते?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि मी तुला ओळखत नव्हतो."

"नाही."

त्याने शर्टावरून ते यंत्र चाचपलं. मग म्हणाला, "मी हे लोकांना जोक म्हणून सांगत होतो. तुझ्यासमोर. उद्या मला तिच्याकडे घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. सायकलने नाही, गाडीने. गवताची पट्टी गाडीच्या पोटाला घासत होती. तो काचेतून बाहेर बघत होता, पण त्याला काही ओळखीचं वाटलं नाही. ती जागा आली तेव्हा मी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. बाई अंगणात बादली धूत होती. मला बघून तिने हात केला. मग दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि तिने फक्त आडवा पाहिलेला तो उतरला, सरळ उभा राहिला.

बाईच्या हातून बादली सुटली. ती मागे सरली, फाटकाला टेकली. त्याने तिच्याकडे जायला पाऊल उचललं आणि तोही थांबला.

"देवा," बाई शेवटी म्हणाली. मान वर करून ती त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघत होती. "हा किती उंच आहे!"